निशिझाकाची टेकडी

"तुमच्या गावची माणसं अजून आमच्यावर रागावलेली आहेत का?"

जेवताजेवता हा प्रश्न आला. विचारणारा तेरा वर्षांचा मुलगा, नुकताच फुटबॉल खेळून आलेला, थंडीने गाल लालबुंद झालेला. त्याने जपानीत विचारलं. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मग पुण्यात शिकलेल्या मराठीत मला सावकाश सांगितलं. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. नागासाकीची थंडी वसईच्या माणसाच्या हाडांत शिरते. बुटक्या मेजाखाली हीटर, मेजावरून खाली सोडलेली जाड गोधडी, आणि त्या उबेत पाय घालून आम्ही चौघं बसलो होतो. मध्ये छोट्या शेगडीवरच्या भांड्यात कोबी, टोफू आणि मासे रटरटत होते. मी लगेच म्हणाले, "नाही रे बाळा, मुळीच नाही." आजी, म्हणजे मैत्रिणीच्या सासूबाई, हसल्या. त्यांनी माझ्या वाडग्यात माशाचा आणखी एक तुकडा घातला आणि बोलणं दुसरीकडे वळलं. माझं मन मात्र तिथेच राहिलं.

मी खोटं बोलले नव्हते. वसईत कोणी जपानवर रागावलेलं नाही. पण का नाही, याचा विचार मी त्या रात्रीपर्यंत कधी केला नव्हता. आमच्या वसईच्या संताला, गोन्सालो गार्सियांना, सोळाव्या शतकात नागासाकीत क्रुसावर मारलं. पण लहानपणापासून ऐकलेल्या त्यांच्या गोष्टीत जपानी माणसं जवळजवळ नव्हतीच. एक क्रूर राजा होता, एक टेकडी होती, क्रूस होता, आणि त्यावर आमच्या मातीतला एक माणूस होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही ही गोष्ट करायचो तेव्हा राजाला जाड मिशा लावायचो, शिपायांच्या हातात पुठ्ठ्याचे भाले द्यायचो. गोन्सालो गार्सियांचं काम मिळालेला मुलगा पुढचं वर्षभर वर्गात मान ताठ करून चालायचा. त्यांच्या शेजारच्या क्रुसांवर कोण होतं हे आम्हांला कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

मैत्रिणीची ओळख पुण्यातली. तिच्या नवऱ्याची नोकरी तेव्हा चाकणच्या बाजूला होती आणि ती रविवारच्या मिस्साला शेवटच्या बाकावर एकटी बसायची. मिस्सा संपल्यावर सगळे अंगणात घोळक्याने उभे राहत, ती मात्र मारियामातेच्या पुतळ्यापाशी मान लववून निघून जायची. एका रविवारी मीच पुढे होऊन बोलले. मी वसईची म्हटल्यावर तिने माझा हातच धरला. गोन्सालो गार्सियांचं गाव! मला वाटलं होतं, आता हिला वसई कुठे आहे ते समजावून सांगावं लागेल. तिला ते नाव बालपणापासून पाठ होतं, नागासाकीत क्रुसावर मारलेल्या सव्वीस जणांच्या नावांपैकी एक म्हणून. त्या वर्षी ती नाताळला आमच्या घरी आली. आईने तिला लाल लुगडं नेसवलं, वाडीतल्या बायका बघायला आल्या, आणि किल्ल्यातल्या छप्पर नसलेल्या चर्चमध्ये ती इतका वेळ उभी राहिली की माझ्या भावाला वाटलं, तिला बरं वाटत नाही. पुढे ती मायदेशी परतली. नागासाकीला ये, असं दर नाताळच्या फोनवर म्हणत राहिली. आणि मी गेले एकदाची, सामानात सुकेळी घेऊन. राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली, मधासारख्या रंगाची सुकेळी आजींना इतकी आवडली की रोज सकाळच्या चहाबरोबर त्या अर्धं सुकेळं मोजून कापायच्या आणि उरलेलं कागदात गुंडाळून ठेवायच्या.

निघण्याआधी आमच्या प्रार्थना मंडळातल्या एका वडीलधाऱ्यांनी मला आशीर्वाद दिला होता. डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तिकडे ख्रिस्ती फार थोडे. प्रभूची साक्ष देऊन ये." त्यांचं म्हणणं मनापासूनचं होतं आणि मीही ते मनापासून घेतलं. जपानमध्ये शंभरात जेमतेम एक माणूस ख्रिस्ती. विमानात मी मनाशी वाक्यं जुळवत होते: माझ्या आयुष्यात देवाने काय केलं, कोणत्या संकटातून मला सोडवलं. आमच्याकडे साक्ष अशीच देतात, उभं राहून, खणखणीत आवाजात, शेवटी सगळ्यांनी आलेलुया म्हणायचं.

पाच फेब्रुवारीला आम्ही निशिझाकाच्या टेकडीवर गेलो. स्टेशनपासून जवळच आहे, थोडा चढ चढायचा. आता तिला टेकडी म्हणवत नाही, आजूबाजूला इमारती, खाली ट्रामचा खडखडाट. वर एक मोकळं अंगण आणि त्यात लांबलचक दगडी भिंत. भिंतीत ओळीने सव्वीस जण, कांस्याचे. यासुताके फुनाकोशी या शिल्पकाराचं हे काम. १८६२ मध्ये या सव्विसांना संतपद मिळालं, त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९६२ मध्ये हे स्मारक उभं राहिलं. त्यांचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत. सगळी शरीरं सरळ, पावलं खाली झुकलेली, जणू कोणी त्यांना हलकेच वर उचललं आहे. मी अधीर होऊन विचारलं, आमचे कोणते? मैत्रिणीने दाखवले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. डोळे भरून आले, हे सांगायला हवं. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांच्या, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या, शाळेत शिकलेला मुलगा, आई इथली, वडील पोर्तुगीज. कोवळ्या वयात जहाजावर चढला आणि इतक्या दूर आला. येशूसंघाने त्याला सदस्य करून घेतलं नाही, तेव्हा त्याने मकावमध्ये व्यापार केला, पैसा कमावला. मग तो सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर त्यांचा दुभाषा म्हणून पुन्हा जपानला आला. प्रवचनकार म्हणून नव्हे, धर्मगुरू म्हणून नव्हे. तेव्हा जपानवर सत्ता गाजवणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीच्या, म्हणजे आमच्या गोष्टीतल्या त्या क्रूर राजाच्या, दरबारात एकाचं बोलणं दुसऱ्याला नीट कळावं म्हणून उभा राहणारा माणूस. जपानी भाषा त्याच्या तोंडी किती सहज बसली असेल! वसईला तो परत कधी आलाच नाही. आम्ही त्याला आमचा म्हणतो, पण त्याची जाणती वर्षं, त्याची मैत्री, त्याची रोजची भाषा, सगळं इथलं होतं.

मुलगा मात्र माझ्याबरोबर थांबला नव्हता. तो भिंतीच्या दुसऱ्या भागापाशी उभा होता, जिथे तीन आकृत्या बाकीच्यांपेक्षा चांगल्याच ठेंगण्या आहेत. मी तिकडे गेले तेव्हा त्याने मला एकेक दाखवला. हा लुईस, बारा वर्षांचा. हा थॉमस, चौदा-पंधराचा. वडिलांबरोबर चालत आला, वाटेतून त्याने आईला पत्र लिहिलं. आणि हा आंतोनियो, तेरा वर्षांचा, नागासाकीचाच. त्याचे आईवडील इथे खाली गर्दीत उभे राहून त्याला परत बोलावत होते, असं सांगतात. क्योतोमध्ये चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला (उरलेले दोघे वाटेत त्यांच्यात आले), मग भर थंडीत महिनाभर चालवत इथे आणलं, दिसतील त्या गावांतून, लोकांनी पाहून धडा घ्यावा म्हणून. सव्विसांपैकी वीस जपानी होते. चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा आणि एक आमचा. मुलगा हे सगळं शाळेतला धडा म्हणावा तसं सांगत होता, पण आंतोनियोपाशी आल्यावर त्याचा आवाज उतरला. त्याच्याच वयाचा, त्याच्याच गावचा.

मग मला कळलं की आदल्या रात्री त्याने मला काय विचारलं होतं. ज्यांनी मारलं ते त्याचे, आणि ज्यांना मारलं तेही त्याचेच. मला अशी अडचण कधीच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आजी मला नागासाकीतल्याच उराकामीला घेऊन गेल्या. त्यांचं माहेर तिथलं, कित्येक पिढ्यांचं ख्रिस्ती. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, १६४४ नंतर जपानमध्ये एकही धर्मगुरू उरला नाही, आणि तरी उराकामीच्या शेतकऱ्यांनी, आजूबाजूच्या बेटांवरच्या कोळ्यांनी विश्वास सोडला नाही. हे मी पूर्वी वाचलं होतं. कसं टिकवलं, ते आजींनी सांगितलं, ट्राममध्ये, शेजारी बसून, मैत्रीण मराठीत उलगडून सांगत असताना. कामं वाटून घेतलेली असायची. एकाकडे पंचांग: कोणता सण कधी, उपवास कधी, कोणत्या दिवशी शेतात काम करायचं नाही, ते त्याने सांभाळायचं. एकाकडे पाणी: जन्मलेल्या बाळाला बाप्तिस्मा त्याने द्यायचा. आणखी एकाने घरोघर निरोप पोचवायचे. प्रार्थना तोंडपाठ, लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द पिढ्यांमागून पिढ्या जिभेवर झिजत गेलेले, अर्थ पुसट झालेला, पण म्हणणं सुटलं नाही. दर नव्या वर्षी अधिकारी ख्रिस्ताची किंवा मारियेची प्रतिमा जमिनीवर ठेवत आणि प्रत्येकाला तिच्यावर पाय द्यायला लावत. लोक पाय देत. घरी येऊन दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. पापनिवेदन ऐकायला कोणी धर्मगुरू नव्हता, म्हणून थेट देवापाशी रडत.

मी माझ्या मनात त्या उंबऱ्यावर उभी राहिले. पाय दिलेला, घरी परत आलेला, दार लावून घेतलेला माणूस. आमच्या प्रार्थना मंडळात तो कधी उभा राहून साक्ष देऊ शकला असता का? त्याने काय सांगितलं असतं? आणि तरीही तो नसता तर आजी माझ्या शेजारी ट्राममध्ये नसत्या.

१८६५ मध्ये नागासाकीत परदेशी लोकांसाठी ओउरा इथे फ्रेंच धर्मगुरूंनी चर्च सुरू केलं, याच सव्विसांच्या नावाने. १७ मार्चला उराकामीची दहा-पंधरा माणसं दारात येऊन उभी राहिली. त्यांतल्या एका बाईने फादर पेतिजाँ यांच्या जवळ जाऊन हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि विचारलं, मारियामातेचा पुतळा कुठे आहे? त्या लोकांनी त्यांना असंही सांगितलं की आता आमचा दुःखाचा काळ चालू आहे, आज सतरावा दिवस. त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या त्या उपवासकाळाचा पहिला दिवस, एक मार्चला होता. सतरावाच दिवस! सव्वादोनशे वर्षं धर्मगुरू नाही, ग्रंथ नाहीत, आणि पंचांग सांभाळणाऱ्याचा एक दिवस चुकलेला नाही. ओउराच्या त्या दारात मी नंतर पुष्कळ वेळ बसून होते. फादर पेतिजाँ फ्रान्सहून विश्वास घेऊन आले होते, आणि विश्वास त्यांच्या आधी तिथे हजर होता. त्या क्षणी कोणी कोणाला साक्ष दिली?

सुटका मात्र लगेच झाली नाही. स्वतःला उघड केल्याबद्दल उराकामीच्या तीन हजारांहून अधिक माणसांना घरादारातून उठवून देशभर हद्दपार केलं. सहाशेहून जास्त जण परत आलेच नाहीत. बंदीचे फलक १८७३ मध्ये उतरवले गेले. परत आलेल्यांनी काय केलं असेल? ज्या गावप्रमुखाच्या वाड्यात त्यांना दरवर्षी प्रतिमेवर पाय द्यायला लावत, ती जमीन विकत घेतली आणि तिथे चर्च बांधायला काढलं. वीट वीट करत १८९५ ते १९१४, मनोरे १९२५ मध्ये. त्याला वीस वर्षं होताहेत तोवर ९ ऑगस्ट १९४५ चा दिवस उजाडला. बाँब चर्चपासून सुमारे पाचशे मीटरवर फुटला. १५ ऑगस्टच्या मारियामातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाची तयारी म्हणून आत पापनिवेदन चालू होतं. उराकामीतल्या बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास गेले.

आजी तेव्हा पाच वर्षांच्या होत्या, गावाबाहेर नातेवाइकांकडे ठेवलेल्या. थोरली बहीण उराकामीतच होती. सणासाठी तिचा पांढरा पोशाख धुऊन वाळत घातला होता, एवढंच आजींना आईकडून कळलेलं. बहीण सापडली नाही. आजींनी हे सांगताना हात मांडीवर जोडून ठेवले होते आणि बाहेर बघत होत्या. ट्राम थांबली, त्या उठल्या, माझ्या कोटाची कॉलर त्यांनी नीट केली आणि आम्ही उतरलो.

आताचं चर्च १९५९ चं. आत मिस्सा सुरू होती. म्हाताऱ्या बायका डोक्यावर पांढरी जाळीदार वस्त्रं घेऊन बसलेल्या, आणि क्षणभर मला आमच्याकडच्या, डोक्यावर पदर घेऊन पुढच्या बाकांवर बसणाऱ्या लुगड्यातल्या आज्या दिसल्या. एक शब्द कळत नव्हता आणि कुठे काय चाललंय ते सगळं कळत होतं. आता वाचन, आता विश्वासांगीकार, आता ख्रिस्तशरीर वर उचललं जाईल. शांतिदानाच्या वेळी आमच्याकडे हात मिळवतात, तिथे कंबरेतून वाकतात. आजी माझ्याकडे वळून वाकल्या, मीही वाकले, आणि 'हे आमच्या पित्या' मी मराठीतच म्हटलं, पुटपुटत. शेजारच्या ओळीतल्या बाईंनी ऐकलं आणि नंतर बाहेर येऊन मैत्रिणीला विचारलं, ही कोणती भाषा? वसई म्हटल्यावर त्यांचेही डोळे चमकले.

बाहेर पायऱ्यांशी त्या जुन्या चर्चचे काळवंडलेले दगडी संत ठेवलेले आहेत. घंटा दोन होत्या. एक ढिगाऱ्यातून शाबूत निघाली आणि १९४५ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी लोकांनी ती वाजवली. आजींना तो आवाज आठवतो. दुसरी फुटली होती. तिची जागा ऐंशी वर्षं रिकामी राहिली. अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून दिलेली नवी घंटा २०२५ च्या ९ ऑगस्टला पहिल्या घंटेबरोबर वाजली, तेव्हा मैत्रिणीने फोन करून मला त्या दोन्ही ऐकवल्या. मी विचारलं, आजींना कसं वाटलं, अमेरिकेने दिलेली घंटा? ती थोडी थांबून म्हणाली, "आजी आधी गप्प होत्या. मग म्हणाल्या, चांगली वाजते." मला या उत्तराचा फार आदर वाटतो. घाई नाही त्यात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मुलगा आणि मी घराजवळच्या चढावर फिरायला गेलो. आमची भाषा म्हणजे त्याचं शाळेतलं इंग्रजी, माझं मोडकं जपानी आणि उरलेले हातवारे. आईने शिकवल्याप्रमाणे तो मला मावशी म्हणतो. अचानक म्हणाला, "मावशी, मला नक्की माहीत नाही मी मानतो का ते. आंतोनियोला माहीत होतं. मला नाही." मी विमानात जुळवलेली सगळी वाक्यं तेव्हा माझ्यापाशी होती. एकही जिभेवर आलं नाही. मी त्याला माझे वडील गेले तेव्हाचं सांगितलं. त्यांना दवाखान्यातून घरी आणलं, पुरलं, आणि नंतरच्या संध्याकाळी वाडीतली माणसं रोझरीला आमच्या पडवीत येऊन बसत. माझ्याच्याने एक 'नमो मारिये' म्हणवत नव्हतं. देवाशी बोलायचीच इच्छा नव्हती. मी भिंतीला टेकून बसायचे. शेजारची काकू, जिच्याशी आमचं बांधावरून भांडण होतं, ती माझ्या वाटणीचंही म्हणायची. पहिला अर्धा भाग ती, उरलेला अर्धा सगळे. मी गप्प. असे कितीतरी दिवस गेले. एका संध्याकाळी माझे ओठ आपोआप हलायला लागले. "मला आधी कळलं आणि मग मी म्हटलं, असं झालं नाही," मी त्याला सांगितलं, "मला जमत नव्हतं तेवढे दिवस ते दुसऱ्यांनी धरून ठेवलं होतं."

त्याला किती समजलं कोण जाणे. त्याने विचारलं, "मग काकूशी भांडण मिटलं?" मी म्हटलं, बांधाचं नाही मिटलं. तो हसला. मग काही वेळाने म्हणाला, आजीच्या आजीच्या घरात पाणी सांभाळायचं काम होतं, तुला माहीत आहे? मला माहीत नव्हतं. आजींनी मला इतकं सांगितलं होतं, पण हे नव्हतं सांगितलं. ते त्याने सांगितलं, आणि सांगताना तो पुढे चालत होता, वळून बघत नव्हता.

वसईला परतल्यावर मंडळात मला उभं केलं. किती जणांपाशी बोललीस, असं त्या वडीलधाऱ्यांनी प्रेमाने विचारलं. मी म्हटलं, बोलले थोडं, ऐकलं पुष्कळ. मग सतराव्या दिवसाचं सांगितलं, दार लावून पश्चात्ताप म्हणणाऱ्यांचं सांगितलं, तीन ठेंगण्या आकृत्यांचं आणि मुलाने विचारलेल्या प्रश्नाचंही. कोणी आलेलुया म्हटलं नाही. मला वाटलं, निराश झाले असावेत. एवढ्यात मागून एक म्हातारी मावशी उठली. तिला लिहिता-वाचता येत नाही, उभ्या आयुष्यात ती वसई-विरारच्या पलीकडे फारशी गेलेली नाही. ती म्हणाली, "त्या बाईची बहीण सापडली नाही म्हणतेस. म्हणजे तिची कबर नाही. नाव काय गं तिचं?"

मला नाव माहीत नव्हतं. मी रात्री फोन केला. मैत्रिणीने आजींना विचारून नाव पाठवलं, बाप्तिस्म्याचं आणि घरचं, दोन्ही, तिच्या जपून काढलेल्या देवनागरी अक्षरांत. नोव्हेंबरात आमच्या धर्मग्रामात मृतांची यादी होते, प्रत्येक घर आपापली नावं लिहून देतं, त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण होते. मावशीने ते नाव स्वतःच्या घरच्या पाकिटात घालायला लावलं, तिच्या नवऱ्याच्या आणि धाकट्या मुलाच्या नावाखाली. मी हे आजींना कळवलं. दोन दिवसांनी उलट निरोप आला: नोव्हेंबर आमच्याकडेही मृतांचा महिना आहे, तुमच्या वडिलांचं नाव पाठवा. पाठोपाठ मुलाचा फोन. नाव जपानी लिपीत तोच लिहिणार होता. त्याने माझ्याकडून उच्चार दोनदा म्हणवून घेतला, आडनावातला 'ळ' त्याला काही केल्या जमेना, आणि तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.